दोन बोटं डावीकडे

एप्रिलमध्ये हार्लननं घरच्या गॅरेजात मर्व्हिनसाठी हरणाच्या शिकारीची रायफल बनवली, अक्रोडाचा दस्ता त्याच्या खांद्याच्या मापानं तासून दिला. तेव्हापासून दर शनिवारी मर्व्हिन ती परत घेऊन येतो. गोळी दोन बोटं डावीकडे जाते म्हणे. मी मोजलंय, आजचा सत्ताविसावा शनिवार.

"तुझे हात थरथरतात म्हाताऱ्या, त्याला मी काय करू?"

"हात शाबूत आहेत माझे. दस्ता तू तिरका तासलायस."

मग कॉफीचं भांडं रिकामं होतं, हार्लन दस्त्यावर उगाच पॉलिश पेपर घासतो आणि दुपार कलली की मर्व्हिन "गोळी झाडून बघतो आता" म्हणत ट्रकमध्ये बसतो. दोघांच्या बायका गेल्या, मुलं लांब. उरलेले सहा दिवस दोघांच्याही दारात कुणी येत नाही, हे मोंटानातल्या आमच्या एवढ्याशा गावाला पाठ आहे.

आज मर्व्हिन गेल्यावर मी हार्लनला म्हटलं, "एकदाची नीट करून दे ना रे. शिकारीचा मोसम आठवड्यावर आलाय."

हार्लननं खण उघडला आणि चिंधीत गुंडाळलेली एक पोलादी पिन माझ्या तळहातावर ठेवली.

"काडतुसावर आपटते ती ही. पहिल्याच दिवशी बसवायची विसरलो होतो."



हिच्याशिवाय त्या रायफलीतून आजवर एकही गोळी सुटलेली नाही.