बोलणं तुटेपर्यंत

साल १९९६. लेकीचे स्नायू झिजत चालले होते. श्रमाने उरलेसुरलेही जातील या धास्तीने आईने तिला सात वर्षं भरलेली बादली उचलू दिली नव्हती. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिला व्यायामाच्या सायकलवर बसवलं. “बोलत राहा. दमून बोलणं तुटलं, की थांबायचं.” लेकीने आईच्याच कागाळ्या सुरू केल्या. “मला खिडकीसुद्धा उघडू देत नाही.” आई दारात चुळबुळत होती. नवव्या मिनिटाला लेक गप्प झाली. आईने धावत जाऊन तिचा दंड धरला. “उतर.” “दमले नाही गं. तुझ्या कागाळ्या संपल्या. तू माझ्या सांग.” आईने हात सोडला. “हट्टी आहेस. बापावर गेलीस.” बाई पुढे निवृत्त झाल्या. लेक चौदा वर्षं चालत नोकरीला गेली, मग चाकांच्या खुर्चीतून. तिला पाच मिनिटं उशीर झाला, की आई हयात असेपर्यंत रस्त्यावर येऊन थांबायची.