पंपाचा अभिषेक

सत्पुरुष आणि स्वस्त पंप दैवयोगानेच भेटतात, असं सोसायटीचे अध्यक्ष पुंडलिककाका डोळे मिटून म्हणाले. त्यापैकी पंप त्यांना बोईसरच्या भंगारवाल्याकडे भेटला होता. जुना जळल्यापासून टँकरचं पाणी चौथ्या मजल्यावर चढवणाऱ्या हिमानीने विचारलं, "काका, बोअरचं माप घेतलंत ना?" "अगं, कंपनीतला माल हाय, तोही अर्ध्या किमतीत! मापं कसली काढतेस? पूजेला पाणी आण." घरात शेवटची कळशी उरली होती. पंप बसला की संध्याकाळी नळाला पाणी येणारच, या भरवशावर तिने ती खाली आणली. अभिषेकात मात्र काकांनी काटकसर केली नाही. अख्खी कळशी पंपावर रिकामी केली. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. "मला कंजूस म्हणत होते सगळे!" काका गहिवरले. मग चौघांनी दोराला बांधलेला पंप उचलून बोअरवर धरला. पंप बोअरच्या तोंडापेक्षा दोन बोटं जाड होता.