अनोळखी जोडी

मृदुला मॅडम आणि आशुतोष सर एकमेकांशी बोलत नसत, म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनीही बोलायचं नाही, असा झाशीतल्या त्या संगणन विभागाचा रिवाज. पण मॅडमची बकुळ आणि सरांचा सुमेध गेली दोन वर्षं सदर बाजारच्या टपरीवर, एका घागरीत दोघांनी पाणी भरावं तसे, चोरून एकच प्रोग्राम लिहीत होते. कळलं असतं तर दोघांची पीएचडी बुडाली असती.

आणि वरून हुकूम आला: तरुण संशोधकांत सहकार्य वाढवा! कार्यशाळेत एक मॅडमचा, एक सरांचा, अशा अनोळखी जोड्या लावल्या.

"नमस्कार, मी बकुळ."

"अच्छा? नाम तो बड़ा प्यारा है जी," सुमेध म्हणाला.

दोन तासांचं काम दहा मिनिटांत झालं. सर स्क्रीनवर वाकले. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत दोघांची नावं, आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची.

"ती तारीख मिटा दो पहले," सर पुटपुटले. "मॅडमना दिसली तर माझ्या पोराचं काही खरं नाही."

ते वळताच मॅडम लगबगीने आल्या. स्क्रीनकडे न बघताच कुजबुजल्या, "तारीख पुसलीस ना गं? सरांना कळायला नको."