सावकाश बोलणारी

जन्मांध श्रीरंगने लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली नव्याने बसवायला घेतली, तसा पडद्यावरचं वाचून दाखवणारा बाईचा आवाज मराठीत, सावकाश बोलू लागला. एरवी श्रीरंग त्याचा वेग इतका वाढवून ठेवी, की आईला एक अक्षर कळत नसे. नव्या लिनक्सला ही सवय ठाऊक नव्हती.

"पुढे जायचं आहे का?" लॅपटॉपने विचारलं.

"जा की," मटार सोलता सोलता आई म्हणाली.

श्रीरंगने हसत बटण दाबलं आणि वेग वाढवायला हात पुढे केला.

"आज किती नीट बोलतेय ही," आई म्हणाली. "बारा वर्षं तुझ्या कानाशी काय पुटपुटते, कधी कळलंच नाही मला."

श्रीरंगने हात मागे घेतला. पुढच्या प्रश्नाला आई 'हो' म्हणेपर्यंत तो थांबला, आणि मगच त्याने बटण दाबलं.