ताटलीतली डबलरोटी

ताटलीत डबलरोटीचे दोन तुकडे आणि शेजारी दुधाचा पेला पाहिला, आणि रुपराव समजले की आपला कारभार आटोपला.

त्यांच्या गावी, कुहीत, डबलरोटीचा अर्थ एकच. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की नागपूरच्या एसटीच्या कंडक्टरला सांगून ती मागवायची. कागदात गुंडाळलेला तो ठोकळा गाडीतून उतरला की माणसं लगेच विचारायची, "कोनाच्या घरी हाय गा?" धडधाकट माणसाने डबलरोटी खाल्ल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं. शेजारच्या चंपतरावांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पोरगा सगळ्यांना हसून सांगत होता, काही नाही, ठीक आहे, आणि आत दुधात बुडवून डबलरोटी भरवत होता. चंपतरावांनी त्या वर्षीचा पोळा पाहिला नाही.

आणि काल तर रुपरावांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोटात जळजळ होते म्हणून ते नागपूरला मुलाकडे आले होते, आणि मुलगा मधुकर त्यांना धंतोलीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने पोट दाबलं, जीभ पाहिली, मग मधुकरला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. मधुकर परत आला तो हसत. "काही नाही बाबा, ठीक आहे." हुबेहूब चंपतरावांच्या पोरासारखा.

"मामाजी, खाऊन घ्या नं," सून प्रमोदिनी आतून म्हणाली. टेलिफोन ऑफिसात जायच्या घाईत ती वेणी घालत होती. "पचायला हलकी असते."

हलकी! जन्मभर भाकरी आणि ठेचा पचवलेला हा माणूस, पण त्या दोन पांढऱ्या तुकड्यांना त्याने हात लावला नाही. भीती वाटली, अगदी खरी भीती वाटली. मग तिच्या मागोमाग मन मोठं झालं. जाणाऱ्याने मनात काही ठेवून जाऊ नये.

"पोरी, इकडं ये वं."

प्रमोदिनी दातात आकडा धरून आली.

"तुह्या सासूले एक सांगजो. माह्यामागं तिनं तिखट कांडू नोको. विकतचं आनजो म्हना."

ही साधीसुधी गोष्ट नव्हती. विकतचं खाऊन माणूस लवकर मरतो, हा रुपरावांचा ठाम सिद्धांत होता, आणि तो सिद्धांत त्यांची बायको पंचफुलाबाई दर उन्हाळ्यात उखळीत कांडत होत्या. हातांची आग व्हायची, खोकून खोकून जीव जायचा. शहरात तिखटाची पाकिटं मिळतात, एखादं आणता का, असं त्या एकदाच म्हणाल्या. रुपराव भरल्या ताटावरून उठले. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

"मनगटं सुजतात तिचे," रुपराव म्हणाले. "मले दिसत होते. मी बोललो नाही."

प्रमोदिनीने तोंडातला आकडा काढला. "तुमच्यामागं म्हणजे? तुम्ही कुठं चालले, मामाजी?"

"आता लपवू नोका वं. डबलरोटी वाढली, तवाच समजलं मले."

प्रमोदिनीने ताटलीकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबायला तोंडाला पदर लावला. "अहो, इकडं या जरा! काल डॉक्टर बाहेर काय म्हणाले, सांगा बाबांना."

मधुकर गालाला साबण लावलेला तसाच आला. "डॉक्टर? त्यांना चिन्नोर तांदूळ पाहिजे. आपल्या धानाचा एखादा कट्टा, पोतंभर, मिळेल का, विचारून राहिले होते. पेशंटसमोर मागायची लाज वाटली त्यांना."

"अन् माह्या पोटाचं?"

"अॅसिडिटी. तिखट कमी खा म्हणाले."

"मंग हे डबलरोटी काहून?"

"आम्ही रोजच खातो," प्रमोदिनी म्हणाली. "सकाळी मला पोळ्यांना वेळ कुठं असते? पोळी-भाजी संध्याकाळी."

मधुकरने ताटलीतला एक तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला, साबणासकट. धडधाकट पोरगा, डबलरोटी खातो आणि मरत नाही! रुपरावांना इतकं हायसं वाटलं की उरलेला तुकडा त्यांनी दुधात न बुडवताच संपवला. चव म्हणाल तर काही नव्हती.

तेवढ्यात प्रमोदिनीने फळीवरून एक पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. तिखटाचं, न फोडलेलं. "हे आईंसाठी. आजच घेऊन जा."

"ते मी मेल्यावर म्हनलं होतं!"

"मेल्यावर त्यांचं मनगट बरं झालेलं तुम्हाला कसं दिसेल? आणि रात्री वांग्याच्या रश्श्यात असंच विकतचं तिखट होतं. दोनदा वाटी पुढं केली तुम्ही."

रुपरावांनी पाकीट हातात घेतलं, उलटून पाहिलं, नाकाजवळ नेलं.

दुपारच्या गाडीसाठी प्रमोदिनीने त्यांची पिशवी भरली. तिखट तळाशी, त्यावर धोतर, आणि सगळ्यात वर एक नवी कोरी डबलरोटी. "आईंना एक दिवस भाकरीपासून सुट्टी," ती म्हणाली, आणि ऑफिसला पळाली.

ती गेल्यावर रुपरावांनी पिशवी पुन्हा रिकामी केली. डबलरोटी धोतरात नीट गुंडाळून अगदी खाली दाबली.

"काय करून राहिले बाबा?" मधुकरने विचारलं.

"हे वर दिसली त गाडीतूनच रडारड सुरू होईन गा," रुपराव म्हणाले. मग त्यांनी तिखटाचं पाकीट सगळ्यांत वर ठेवलं, लाल बाजू दिसेल असं. "बुढीले पयलं हे दिसलं पायजे."