विणेकरी
"काका, वीणा कुणाकडे तरी द्या नि चला," हवालदार मंडपाबाहेरूनच म्हणाला.

भिवाकाकांनी गळ्यातली वीणा छातीशी घट्ट धरली. सकाळी विहिरीवरची मोटार चोरणाऱ्याला त्यांनी काठी हाणली होती. तो दवाखान्यात बेशुद्ध होता.

"मोटार माझी, अन् गुन्हेगारही मीच?"

"ते कोर्टात सांगा. वाचला तर मारहाण, गेला तर खून."

सप्ताह संपेपर्यंत वीणा खाली टेकवत नाहीत. पुढचा पहारा सखाहरीचा, पण त्याने हात मागे बांधले. "मी घेतच नाही. न्या बघू विणेकऱ्याला!" मंडप हसला. काकांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात हवालदाराचा फोन वाजला. "गेला तो," हवालदार हळूच म्हणाला.

काकांनी आपणहून वीणा सखाहरीच्या गळ्यात घातली. "धर बाबा. या हातांत आता ती नको."