गैरहजर

ब्रेस्ट बंदरातला तांगी एका सकाळी घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. त्याची बायको ओडिल, माझी शेजारीण, कित्येक वर्षं वाट बघत राहिली. घर दोघांच्या नावावर, त्याच्या सहीवाचून काही हलेना, म्हणून शेवटी ती कोर्टात गेली. कोर्टानं तांगीला 'आब्सां' ठरवलं. शाळेच्या हजेरीत या शब्दाचा अर्थ नुसता गैरहजर. आमच्या फ्रेंच कायद्यात मात्र तो माणूस मेल्यातच जमा.

आणि यंदा तांगी सापडला. दक्षिणेकडच्या एका वृद्धाश्रमात, खंगलेला, मन जुन्याच दिवसांत अडकलेलं. ओडिल त्याला हाताला धरून कोर्टात घेऊन आली. सोबतीला मी होते.

"अभिनंदन! आजपासून हे कायद्यानंही जिवंत," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "यांना 'आब्सां' ठरवलं तेव्हा तुमचं लग्न मोडलं, ते मात्र मोडलंच. ते आपोआप जुळत नाही."

"अहो मॅडम, हा जिवंत झाला आणि मी त्याची कोणीच नाही? उद्या याला दवाखान्यात नेलं, तर मी कोण म्हणून सांगू?"

"मग पुन्हा लग्न करा की! दोघांनी हो म्हणायचं, झालं."

ओडिल डोळे पुसत हसली आणि तांगीकडे वळली.

"काय रे म्हाताऱ्या, करतोस का माझ्याशी लग्न?"

तांगीनं हळूच आपला हात सोडवून घेतला.



"माफ करा बाई, माझं लग्न झालंय. माझी ओडिल घरी वाट बघत असेल."